नाही म्हणा, पण फाइल वाचून म्हणा

गृहकर्जाच्या अर्जांवर निर्णय घेणारे अधिकारी, कर्ज समित्यांचे सदस्य आणि कर्जवाटपाचे नियम ठरवणारे सर्व संबंधित यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन वर्षांत माझा गृहकर्जाचा अर्ज तीन वेळा नामंजूर झाला. तिन्ही ठिकाणी मिळालेला निरोप जवळजवळ सारखाच होता: ‘आमच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज पुढे नेता येत नाही.’ त्या ओळीखाली सही नव्हती, कारण नव्हतं, पुढे काय करावं याची सूचनाही नव्हती.

नकार मिळाला म्हणून हे पत्र लिहीत नाही. पैसे ठेवीदारांचे असतात, ते जपून द्यायला हवेत, हे मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच आहे की तिन्ही वेळा माझी फाइल कुणी वाचली नाही. असं का म्हणते, ते सविस्तर सांगते.

माझी परिस्थिती गुंतागुंतीची आहे, हे आधीच कबूल करते. मी भाषांतराचं काम करते, कुणाच्या नोकरीत नाही. माझा घटस्फोट झाला आहे. लग्नात असताना घेतलेल्या घराच्या कर्जावर आजही सहकर्जदार म्हणून माझं नाव आहे. पदव्यांवर एक आडनाव, कराच्या कागदांवर दुसरं. आई माझ्याकडे असते आणि तिच्या औषधपाण्याचं मी बघते. यातली एखादी गोष्ट असलेली माणसं तुमच्याकडे रोज येत असतील. माझ्या वाट्याला त्या सगळ्या एकदम आल्या आहेत.

पहिल्या अर्जाच्या वेळी समोर बसलेला मुलगा पंचविशीतला होता, बोलायला अदबशीर. ‘मॅडम, पगारदार की व्यवसाय?’ मी सांगितलं, स्वतंत्रपणे भाषांतर करते. त्यानं स्क्रीनवरची यादी खाली ओढली, वर नेली, परत खाली ओढली. ‘व्यवसाय टाकतो,’ म्हणाला. पुढच्या पानावर दुकानाचा परवाना किंवा कारखान्याची नोंदणी मागितली होती. माझ्याकडे दोन्ही नाही, आणि तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मग त्यानं मागे जाऊन ‘पगारदार’ निवडलं, तर लगेच तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप हव्या होत्या. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या दोन पानांमध्ये ये-जा करत होतो. माझ्या मांडीवर दीडशे पानांची फाइल होती. तीन वर्षांची विवरणपत्रं, ग्राहकांबरोबरचे करार, बिलं, कोर्टाचा हुकूमनामा, नाव बदलल्याचा दाखला, पासबुकाच्या प्रती, सगळं क्रमानं लावलेलं. ती फाइल शेवटपर्यंत बंदच राहिली, कारण तिच्यातलं काही भरायला त्या स्क्रीनवर जागाच नव्हती. त्या मुलाचा मला राग आला नाही. त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यानं केलं. ते पान ज्यांनी ठरवलं, त्यांना हे पत्र आहे.

आधी उत्पन्नाचं सांगते. तीन-तीन महिने माझ्या खात्यात फारसं काही येत नाही, मग एखाद्या मोठ्या कामाचं बिल पास होतं आणि तिमाहीची भरपाई एका दिवसात होते. सहा महिन्यांचं स्टेटमेंट बघणाऱ्याला हे उत्पन्न बेभरवशाचं वाटणार. तीच गोष्ट तीन वर्षांची विवरणपत्रं शेजारी शेजारी ठेवून बघितली, तर वर्षाचा आकडा फार हलत नाही. स्वतःचं काम करणाऱ्यांच्या बाबतीत अनेक ठिकाणी दोन वर्षांची सरासरी धरण्याची पद्धत आहे, आणि दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा खाली गेलं असेल तर कमी असलेला आकडा धरतात. ही पद्धत मला रास्त वाटते. माझाही कमीच आकडा धरा, तरी हिशेब बसतो. पण एका ठिकाणी फक्त शेवटच्या सहा महिन्यांची सरासरी काढली गेली आणि त्यात नेमके चार कोरडे महिने आले. दुसऱ्या ठिकाणी विवरणपत्रातला निव्वळ नफा तेवढा उचलला. मी कामासाठी घेतलेल्या संगणकाचा घसारा त्यात वजा झालेला होता. घसारा ही कागदावरची वजावट आहे, त्या वर्षी तेवढे पैसे खिशातून गेलेले नसतात. उत्पन्न मोजताना तो नफ्यात पुन्हा जमा धरायचा असतो, हे कर्जाच्या फाइली हाताळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण त्यासाठी विवरणपत्राचं दुसरं पान उलटावं लागतं.

आता जुन्या कर्जाबद्दल, कारण खरा अडसर तोच आहे आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींचाही तोच असणार. दोघांनी मिळून घेतलेल्या कर्जात प्रत्येक जण अर्ध्या नव्हे, पूर्ण कर्जाला बांधलेला असतो. सह्या करताना आम्हाला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. हुकूमनाम्यात स्वच्छ लिहिलं आहे की घर माझ्या पूर्वीच्या पतींकडे राहील आणि कर्जही तेच फेडतील. पण तो हुकूमनामा आम्हा दोघांमधला. बँक त्यात पक्षकार नव्हती, म्हणून तो तिच्यावर बंधनकारक नाही. माझं नाव काढायचं तर ते कर्ज त्यांच्या एकट्याच्या उत्पन्नावर बसायला हवं, आणि ते थोडक्यासाठी बसत नाही. दोन सह्यांच्या भरवशावर पैसे दिलेल्या बँकेला एक सही सोडायची नाही, इथपर्यंत मला समजतं.

मला समजत नाही ते यापुढचं. मी नव्या कर्जासाठी अर्ज केला की त्या जुन्या कर्जाचा अख्खा हप्ता माझ्या डोक्यावर धरला जातो. तो माझ्या उत्पन्नाच्या २७ टक्के आहे, नवा हप्ता ३१ टक्के, मिळून ५८. तिथे संगणक थांबतो. पण तो २७ टक्क्यांचा हप्ता गेल्या पाच वर्षांत माझ्या खात्यातून एकदाही गेलेला नाही. तो त्यांच्या खात्यातून जातो आणि वेळेवर जातो. त्यांनी स्वतः पाच वर्षांचे खात्याचे उतारे काढून माझ्या हातात दिले. (आमचं लग्न टिकलं नाही, पण या बाबतीत त्यांनी मला कधी अडवलं नाही, हे इथे लिहायलाच हवं.) ते उतारे फाइलमध्ये आहेत. न पाहिलेले.

यावर तोडगा शोधायला कुणाला नवी वाट पाडावी लागणार नाही. माझं बरंचसं काम कायद्याच्या आणि बँकिंगच्या कागदांचं असतं, त्यामुळे दुसरीकडचे नियम वाचण्यात येतात. अमेरिकेत बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी फॅनी मे ही संस्था आहे. तिच्या नियमावलीत अगदी हाच प्रसंग धरलेला आहे. न्यायालयाच्या आदेशानं एखादं कर्ज दुसऱ्याकडे सोपवलं असेल, तर मूळ बँकेनं नाव काढलेलं नसलं तरी तो हप्ता नव्या कर्जाच्या हिशेबात धरण्याची सक्ती नाही. आदेशाची प्रत लागते आणि घर दुसऱ्याच्या नावावर झाल्याचे कागद लागतात. माझ्या फाइलमध्ये दोन्ही आहेत.

आणि मग भाडं. मी नऊ वर्षं एकाच घरात भाड्यानं राहते. लग्न मोडण्याआधीची दोन-तीन वर्षं आम्ही वेगळेच राहत होतो, तेव्हापासून. तिसरा अर्ज देण्याआधी एका रविवारी पासबुकाच्या सगळ्या प्रती जमिनीवर पसरल्या आणि भाड्याच्या प्रत्येक नोंदीवर पिवळ्या मार्करनं रेघ मारत गेले. मधेच मार्कर संपला, शेवटच्या काही पानांवर पेन्सिलीनं खुणा केल्या. एकूण १०८ नोंदी. त्यातल्या दोन उशिराच्या आहेत, एक चार दिवसांनी आणि एक नऊ दिवसांनी. दोन्ही आई दवाखान्यात होती त्या काळातल्या. बाकी १०६ महिने ठरलेल्या तारखेला किंवा तिच्याआधी. हे भाडं माझ्या उत्पन्नाच्या २८ टक्के आहे. म्हणजे मी मागते आहे त्या कर्जाचा हप्ता आज मी भरते त्यापेक्षा माझ्या उत्पन्नाच्या जेमतेम ३ टक्क्यांइतकाच जास्त आहे. जी बाई नऊ वर्षं एवढे पैसे दर महिन्याला बाजूला काढते आहे, ती ते काढू शकेल की नाही याचा अंदाज बांधण्यासाठी तुम्ही तिच्या हुद्द्याचा रकाना बघता. ते १०८ आकडे तुमच्यासमोर असताना.

भाड्याची नोंद सहसा क्रेडिट स्कोअरमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून काढलेल्या आकड्यात, येत नाही. स्कोअर कर्ज घेतलेल्यांचा होतो. ज्यानं जन्मात उसने पैसे घेतले नाहीत, क्रेडिट कार्ड वापरलं नाही, महिन्याच्या महिन्याला भाडं, वीज, मुलांची फी भरली, त्याच्याबद्दल तो काहीच बोलत नाही, आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तुमच्याकडे ‘धोका’ असा लागतो. याच फॅनी मेनं सप्टेंबर २०२१ पासून पहिलं घर घेणाऱ्यांसाठी आपल्या संगणक प्रणालीत बदल केला. अर्जदाराची संमती असेल तर बँक खात्याच्या बारा महिन्यांच्या नोंदींतून नियमित भाडं शोधायचं आणि ते त्याच्या बाजूनं धरायचं. भाड्याच्या नोंदी सापडल्या नाहीत किंवा अनियमित असल्या, तर त्याचा तोटा अर्जदाराला होऊ द्यायचा नाही. बारा महिने. माझ्याकडे १०८ आहेत.

मी स्कोअरच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करते, कारण असं पत्र लिहिणाऱ्याबद्दल तो समज लगेच होतो. अमेरिकेत बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी १९५६ साली कर्जातला धोका आकड्यात मोजणारी कंपनी काढली आणि पुढे १९८९ मध्ये त्यांच्या नावाचा सर्वसाधारण स्कोअर आला. त्याआधी कर्ज मिळणं बरंचसं समोरच्या साहेबाच्या मतावर असायचं. अर्जदार कुठल्या वस्तीत राहतो, कुणाच्या ओळखीचा आहे, बाई असेल तर नवरा काय करतो, असल्या गोष्टींवर निर्णय व्हायचे. अमेरिकेसारख्या देशातही कमावत्या बाईला कर्जासाठी नवऱ्याची सही आणायला सांगितली जायची. १९७४ च्या समान कर्जसंधी कायद्यानं लिंग आणि वैवाहिक स्थिती यांवरून असा भेदभाव करायला बंदी घातली. आकड्याला माणसाची जात, चेहरा, कपडे दिसत नाहीत, हा त्याचा मोठा गुण आहे आणि माझ्यासारख्या एकट्या बाईला तो गमवायचा नाही. म्हणून ‘स्कोअर फेका आणि साहेबांच्या मनावर सोडा’ असं मी अजिबात म्हणणार नाही. आकड्यात जे बसलं नाही ते कुणीतरी वाचावं आणि वाचल्याची नोंद ठेवावी, एवढं म्हणते.

त्याच कायद्याखालच्या नियमांतली एक तरतूद मी भाषांतराच्या निमित्तानं वाचली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसले. अर्ज पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत निर्णय कळवायचा. नकार असेल तर अर्जदाराला नेमकी कारणं द्यायची, किंवा ती मागून घेण्याचा हक्क आहे हे कळवायचं. आणि ‘आमच्या अंतर्गत धोरणात बसत नाही’ किंवा ‘आवश्यक स्कोअर मिळाला नाही’ एवढंच सांगणं पुरेसं धरलं जाणार नाही, असं त्यात शब्दांत लिहिलेलं आहे. मला तीन वेळा मिळालेलं वाक्य तिथे कारण म्हणून चालणारच नाही. अर्धवेळ कामाचं उत्पन्न आहे म्हणून ते कमी धरायचं नाही, असंही तोच नियम सांगतो.

युरोपात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार ज्याचा माणसावर मोठा परिणाम होतो असा निर्णय केवळ यंत्रानं घेतलेला असेल, तर त्याविरुद्ध माणसाकडे दाद मागता यायला हवी. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयानं आणखी पुढची पायरी गाठली. प्रकरण जर्मनीतलं, कर्ज नाकारल्या गेलेल्या एका व्यक्तीचं. स्कोअर देणारी संस्था म्हणत होती, निर्णय बँकेचा, आम्ही फक्त आकडा देतो. न्यायालयानं सांगितलं की बँक मुख्यतः त्या आकड्यावरच विसंबून असेल, तर आकडा काढणं हाच निर्णय. तिसऱ्या नकारानंतर मी फोन केला तेव्हा मला सांगण्यात आलं, ‘मॅडम, सिस्टिमनं रिजेक्ट केलं, आमच्या हातात काही नाही.’ माझ्या डोक्यात त्या क्षणी हाच निकाल आला. ज्याच्या हातात काही नाही तो मला उत्तर देतो आहे, आणि ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलायला मला वाट नाही.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते पोकळ नाही. तुम्ही अमेरिकेतून सुरू झालेल्या २००८ च्या आर्थिक संकटाची आठवण करून द्याल. उत्पन्नाचा पुरावा न मागता, अर्जदारानं सांगितलेला आकडा खरा धरून कर्जं वाटली गेली, ती पुढच्या पुढच्या गुंतवणूकदारांना विकली गेली, आणि सगळं कोसळलं तेव्हा लाखो कुटुंबांची घरं गेली. त्यानंतर अमेरिकेनं कर्जदाराची फेडण्याची ऐपत तपासणं बंधनकारक केलं, ब्रिटननं २०१४ मध्ये स्वयंघोषित उत्पन्नावरची गृहकर्जं बंद केली. चांगलंच केलं. न झेपणारं कर्ज मिळणं ही कृपा नसते. मी ज्यांची कागदपत्रं भाषांतरित केली त्यांत जप्तीच्या नोटिसाही होत्या.

पण त्या वेळी चूक झाली ती कागद न बघण्याची. माझ्याही बाबतीत कागद बघितले गेले नाहीत. तेव्हा न बघता होकार दिला, आता न बघता नकार देता, आणि दोन्ही वेळा काम वाचतं ते तपासणाऱ्याचं. मी तुमच्याकडे सैल तपासणी मागत नाही. अधिक कडक मागते. दीडशे पानं वाचायला दोन तास लागतील. त्या दोन तासांचं शुल्क वेगळं लावा, मी भरेन. अर्जाबरोबर घेतलेली प्रक्रिया फी तशीही परत मिळालेली नाही.

माझ्यासारखे इतर किती प्रकारचे लोक त्या रकान्यांबाहेर उभे आहेत याचा विचार या दोन वर्षांत खूप झाला. माझ्या ओळखीतल्या एका बाईंना सात वर्षांपूर्वी कर्करोग होता. डॉक्टरांनी बरं झाल्याचं लिहून दिलं आहे, तरी कर्जाबरोबरच्या विम्याचा अर्ज आजाराच्या रकान्यापाशी अडतो आणि विमा नाही म्हणून कर्ज नाही. फ्रान्सनं २०१६ मध्ये कायद्यानं ‘विसरले जाण्याचा हक्क’ दिला. उपचार संपून दहा वर्षं झाली आणि आजार उलटला नाही, तर विमा कंपनीला तो सांगण्याची गरज नाही. २०२२ मध्ये ही मुदत पाच वर्षांवर आणली. त्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

धंद्यात बुडून पुन्हा उभे राहिलेले आहेत. त्यांच्या जुन्या थकबाकीची नोंद काही वर्षांनी पुसली जाते, पण मधल्या काळात फेडलेलं कर्ज आणि बुडवलेलं कर्ज यांतला फरक निर्णय घेणाऱ्याला दिसतो का? वडिलांचं घर चार भावंडांच्या नावावर आलं आणि एकाला बाकीच्यांचे हिस्से विकत घ्यायचे आहेत, असे आहेत. कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं होणारे आहेत, मग ते बारा वर्षं त्याच टेबलावर बसत असले तरी. पन्नाशी उलटलेल्यांना मुदत कमी मिळते, म्हणून हप्ता चढतो आणि चढला म्हणून बसत नाही.

कागद नसलेल्यांना घरासाठी कर्ज देण्याचा अनुभवही जगाच्या गाठीशी आहे. बांगलादेशात ग्रामीण बँकेनं १९८४ पासून भूमिहीन कुटुंबांना घरासाठी कर्ज द्यायला सुरुवात केली. या लोकांकडे ना पगाराची चिठ्ठी होती, ना विवरणपत्र. बघितलं गेलं ते हे की आधीची छोटी कर्जं त्यांनी कशी फेडली. शिवाय जमीन बाईच्या नावावर असावी, अशी अट होती. नवऱ्यानं सोडलं तरी डोक्यावरचं छप्पर जाऊ नये म्हणून. या योजनेला १९८९ मध्ये वास्तुकलेसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला. माझं प्रकरण त्यांच्याइतकं कठीण नाही. माझ्याकडे कागद आहेत, भरपूर आहेत.

तर माझी मागणी अशी. अर्जात एक तिसरा पर्याय ठेवा, ‘यापैकी नाही’ असा, आणि तो निवडणाऱ्याची फाइल आपोआप एका माणसाच्या टेबलावर जाऊ द्या. त्या माणसाला निर्णयाचा अधिकार असू द्या, नुसता निरोप देण्याचा नको. न्यायालयानं दुसऱ्याकडे सोपवलेला हप्ता आणि तो दुसरा प्रत्यक्ष भरतो आहे याचा पुरावा समोर असेल, तर तो वगळून हिशेब करायची मुभा त्याला द्या. भाड्याच्या नोंदी मागा. नकार द्यायचा तर नेमकं कारण लिहा: उत्पन्न किती कमी पडलं, कुठला कागद पटला नाही, कुठलं कर्ज आड आलं. मला ‘तुमचं उत्पन्न अमुक इतकं कमी आहे’ असं लिहून आलं असतं तर मी छोटं घर शोधलं असतं, किंवा दोन वर्षं थांबले असते. दोन वर्षं अशीही गेलीच.

आणि नियम ठरवणाऱ्यांना वेगळं सांगते. लेखी कारण देणं हे बँकेच्या चांगुलपणावर सोडू नका. ते बंधनकारक करा, मुदत घाला, आणि ‘अंतर्गत धोरण’ हे कारण मानलं जाणार नाही असं शब्दांत लिहा. ज्यांनी लिहिलं आहे तिथे बँका बंद पडलेल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात मी चौथा अर्ज देणार आहे. फाइल नव्यानं लावली आहे. पहिल्या पानावर अनुक्रमणिका आहे. हुकूमनामा पान १२ वर, मालकीहक्काचा कागद १९ वर, जुन्या कर्जाचे हप्ते ज्या खात्यातून जातात त्याचे उतारे २३ पासून. भाड्याच्या नोंदी पान ६१ वर सुरू होतात. उशिराच्या दोन नोंदींपुढे मी स्वतःच तारखा लिहून ठेवल्या आहेत, म्हणजे शोधाव्या लागणार नाहीत.

कळावे,

आपली,
एक अर्जदार